तीन मिनिटांचं वायोमिंग

मंगळवार, १४ जानेवारी

आजपासून ही वही. कारण तसंच घडलंय. सकाळी सगळ्या विभागाची उभ्या उभ्या होणारी मीटिंग, आमची चोरेई, तिच्यात कुरोदा-सान यांनी चाळीस माणसांसमोर माझं नाव घेतलं. तेरा वर्षं मी जपानात त्या रांगेत उभा राहतोय. याआधी नाव निघालं होतं ते मायक्रोवेव्हमध्ये लसणाचा वास कुणाच्या डब्याचा, या चौकशीत.

कंपनीनं अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, शायॅन गावी, डेटा सेंटर चालवणारी एक लहानशी कंपनी विकत घेतली आहे. एप्रिलपासून इथला एक माणूस तीन वर्षांसाठी तिकडे जाणार. तिकडचे पाहुणे मार्चमध्ये इथं येणार. तोवर दर मंगळवारी चोरेईत तीन मिनिटं वायोमिंगच्या इतिहासातला एकेक महत्त्वाचा प्रसंग सांगायचा. कुणी? "सत्या-सान, तुम्हीच सांगा. तुम्ही परदेशी आहात, तुम्हाला अमेरिका जवळची."

चिंचवड ते शायॅन हे अंतर मी मनातल्या मनात मोजलं आणि 'हाइ', म्हणजे 'हो', म्हणालो.

मी काही दूधखुळा नाही. ज्याला पाठवायचं त्यालाच अभ्यासाला बसवणार, हे उघड आहे. इथं कुणी थेट बोलत नाही. आधी एकेकाला बाजूला गाठून, कॉफी पाजून सगळं ठरवून टाकतात. नेमावाशी म्हणतात त्याला. मग मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलवतात. मला अजून कुणी कॉफी पाजलेली नाही. पण माझं नाव भर चोरेईत घेतलं, यावरून काय ते समजावं.

गुरुवार, १६ जानेवारी

बायकोला, चैत्रालीला, सांगितलं. ती ताटं घेत होती.

"एप्रिलमध्ये वायोमिंग. तीन वर्षं."

"ठरलं?"

"जवळजवळ."

"मला कधी विचारणार होतास?"

"आत्ता सांगतोय ना!"

तिनं आमटी वाढायला घेतली आणि म्हणाली, "कळलं."

तिला पटलं, हे बरं झालं. मला वाटलं होतं भांडणार. आमच्या लेकीला, सईला, मात्र कौतुक नाही. आठवीत गेल्यापासून ती माझ्या मराठीला जपानीत उत्तरं देते आणि तीही एका शब्दाची. "सई, तिकडे घोडे आहेत." "मुरी." म्हणजे अशक्य. हे वयच तसं आहे.

चैत्रालीच्या नावानं एक सरकारी पाकीट आलं होतं. ते तिनं उभ्यानंच फोडलं, वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. विमा वाढवला असेल मेल्यांनी. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, नंतर सांगते."

मंगळवार, २१ जानेवारी

पहिलं भाषण. झकास!

प्रसंग: १० डिसेंबर १८६९. वायोमिंग तेव्हा राज्यही नव्हतं, नुसता प्रदेश. सहा पुरुषांमागे एक बाई. तिथल्या विधिमंडळातल्या पुरुषांनी ठराव करून बायकांना मताचा हक्क दिला. अमेरिकेत असा कायदा करणारा तो पहिलाच प्रदेश. काहींनी मनापासून दिला, काहींनी बायका तिकडे राहायला याव्यात म्हणून, आणि काहींनी, असं म्हणतात, निव्वळ थट्टेत. मी हात उंचावून म्हणालो, "ज्या घरात बाईला मत नाही ते घर अर्धंच!" आमच्या विभागात बायका तीन. तिघींनी टाळ्या वाजवल्या. तनाबे-साननं सगळं लिहून घेतलं.

तनाबे-सान म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा पोरगेला इंजिनियर. एकोणतीस वर्षांचा, एकटा जीव, इंग्रजी ऐकलं की कानाच्या पाळ्या लाल होतात.

घरी येऊन चैत्रालीला तेच भाषण ऐकवलं. ती म्हणाली, "तिथं राहायला यावं म्हणून मत दिलं. पण यायचं का, हे विचारलं होतं का कुणी त्या बायकांना?"

इतिहासात तशी नोंद नाही, असं मी सांगितलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजची बाई फार आवडली मला. सप्टेंबर १८७०, लॅरमी गाव. लुइझा स्वेन, सत्तरीला टेकलेली आजी. पावासाठी यीस्ट आणायला सकाळी हातात डबा घेऊन निघाली, अंगावर स्वच्छ ॲप्रन. वाटेत मतदानाचं ठिकाण दिसलं, आत गेली, मत टाकलं आणि पुढे यीस्ट आणायला गेली. म्हटलं, पाहा! इतिहास घडवला आणि घरचं कामही चुकवलं नाही.

हे वाक्य चैत्रालीला खास करून सांगणार होतो, पण घरी आलो तर घर रिकामं. कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातला ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाल्ला. ती आली साडेसातला, काळ्या सुटात! नोबोरितोच्या पाळणाघरात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करते ती. मुलांना भरवायचं, पुसायचं, झोपवायचं. सूट कशाला लागतो तिथं? म्हणाली, "मुख्य बाईंशी बोलायचं होतं." काम सोडताना निरोप घ्यायलाही सूट घालतात हे लोक. आपल्याकडे नुसतं 'येते हं' म्हणून भागतं.

बाकी ती हल्ली आनंदात दिसते. गेली काही वर्षं हेडफोन लावून त्या छोट्या कीबोर्डवर जपानी बालगीतं वाजवायची, मान खाली घालून जाडजूड पुस्तकं वाचायची. आता सगळं थांबलंय. मी तिच्या छंदाला कधी विरोध केला नव्हता, पण थांबलं ते बरं. सामान कमी होईल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तनाबे-सानला जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी शिकवतो. त्यानं आपण होऊन विचारलं. मी इथून गेल्यावर तिकडच्या लोकांशी फोनवर बोलायला कुणीतरी हवंच. पोरगा कष्टाळू आहे. 'बर्फात गाडी कशी चालवतात' हेसुद्धा विचारतो. मी कावासाकीत तेरा वर्षं नाम्बु लाइनच्या लोकलनं जातोय, मला काय ठाऊक! पण अंदाजानं सांगितलं. त्यानं आंतरराष्ट्रीय लायसन्सही काढलंय. हवाईला वगैरे जायचं असेल. तरुण आहे, मजा करू दे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज भाषण झालं नाही. दोन प्रसंग लिहून कुरोदा-सानना आधी दाखवले होते. एक १८८५चा: रॉक स्प्रिंग्जच्या कोळसा खाणीत गोऱ्या कामगारांनी चिनी कामगारांची वस्ती जाळली, निदान अठ्ठावीस माणसं मारली. दुसरा १९४२चा: हार्ट माउंटन. युद्धात जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उचलून तिथल्या माळावर काटेरी तारेत कोंडलं. दहा हजारांवर माणसं. राज्यातलं तिसरं मोठं गाव झालं ते, पहारेकऱ्यांच्या मनोऱ्यांसकट. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक.

कुरोदा-साननी दातांतून हवा आत ओढली. "सत्या-सान… हे जरा… पाहुण्यांना अवघडल्यासारखं…"

आता इतक्या वर्षांनी मला दातांची भाषा येते. मी कागद मागे घेतले. उगाच कशाला? आपल्याला तिथं जाऊन राहायचंय. त्याऐवजी पुढच्या वेळी यलोस्टोनचे गरम पाण्याचे झरे सांगीन. जपानी माणसाला गरम पाणी कधी वर्ज्य नसतं. ते दोन कागद तनाबे-सानला हवे होते, त्याला देऊन टाकले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

झऱ्यांचं भाषण बरं झालं. दोघांनी फोटो मागितले.

दुपारी मोठं काम उरकलं. घराच्या एजंटला लेखी नोटीस दिली: एकतीस मार्चला फ्लॅट सोडतो. ऐन वेळी धावपळ नको. मार्चमध्ये सगळ्या देशाच्या बदल्या होतात, ट्रकवाले मिळत नाहीत. एजंटनं दहा मिनिटांत हान्कोचा शिक्का मारून पावती दिली. आईलाही फोन करून कळवलं. तिनं सोसायटीत कुणाकुणाला सांगितलं असेल देव जाणे.

चैत्रालीला फोन लावला. मागे पोरं रडत होती. म्हणाली, "फ्लॅट सोडलास? आपला?"

"अगं, नोटीस फक्त."

"सत्यजित, ऑर्डर हातात आली का?"

"येईल की!"

ती म्हणाली, "बरं. मग मलाही आता थांबून चालणार नाही."

हेच मला तिच्यात आवडतं. एकदा ठरलं की पदर खोचते.

शनिवार, १ मार्च

चैत्रालीनं बांधाबांध सुरू केलीय. आणि काय शिस्त! माझी पुस्तकं, माझे कोट, माझं इस्त्रीचं टेबल, सगळं वेगळ्या खोक्यांत, त्यावर 'स' अक्षर. तिची आणि सईची खोकी दुसऱ्या भिंतीला. मी म्हटलं, "एवढं वेगळं कशाला करतेस?" ती म्हणाली, "नंतर शोधाशोध नको." जपानात राहून हिला ही सवय लागली. आपल्याला जमलं नसतं.

सई दोन भिंतींच्या मध्ये बसून अभ्यास करत होती. पुढच्या वर्षी तिची हायस्कूलची प्रवेश परीक्षा आहे. म्हणजे होती. मी म्हटलं, "आता कशाला घोकतेस?" तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. सई परत वहीत शिरली.

बुधवार, ५ मार्च

हे लिहू की नको, असं दिवसभर चाललंय. लिहितो. वहीच तर आहे.

पाहुणे आले. आम्ही सगळे लिफ्टसमोर ओळीनं उभे. कुरोदा-साननी स्वस्त दुकानातून काउबॉय टोप्या आणल्या होत्या. मी घातली होती. दार उघडलं तर दोन उंच गोरे पुरुष आणि त्यांच्यामागे छोट्या चणीची, पांढऱ्या केसांची बाई, चेहरा पक्का जपानी. मी त्या दोघांचे हात दाबून हलवले आणि बाईंना जपानीत म्हटलं, "दुभाष्यांची खुर्ची त्या बाजूला आहे." त्यांना ओ की ठो कळलं नाही. जपानी येतच नव्हतं. त्या मिस हमादा. शायॅनच्या ऑफिसच्या प्रमुख. ते दोघे त्यांच्या हाताखालचे.

तरी सावरून भाषण केलं. मत, आजी, यीस्ट, झरे. सगळे हसले. मिस हमादाही हसल्या. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, "छान तयारी केलीत. आणि हार्ट माउंटन?"

मी कुरोदा-सानकडे पाहिलं, ते हातातल्या टोपीकडे पाहत होते.

"माझी आई तिथं जन्मली," त्या म्हणाल्या. "तारेच्या आत. मला वाटलं, निदान इथं तरी कुणी आठवण काढेल."

तेवढ्यात तनाबे-सान उभा राहिला. कान टोमॅटोसारखे. त्यानं खिशातून दोन कागद काढले. माझे कागद! आणि अडखळत, माझंच इंग्रजी, माझ्याच स्वल्पविरामांसकट वाचलं. शेवटी एक वाक्य मात्र त्याचं स्वतःचं होतं, व्याकरण मोडकं: "आय डिड नॉट नो. आय ॲम सॉरी आय डिड नॉट नो."

मिस हमादा उठल्या, त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "एप्रिलमध्ये तुम्हीच येताय ना? बरं झालं."

आणि सगळ्यांनी माना डोलवल्या. चाळीसच्या चाळीस. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नाही.

जेवणाच्या सुट्टीत कुरोदा-साननी मला मशीनमधली कॉफी पाजली. म्हणाले, "सत्या-सान, तनाबेला तयार करण्यात तुमचा वाटा फार मोठा. शिवाय तुमचं इथं घर आहे, मुलीची शाळा, परमनंट रेसिडेन्सी. तुम्हाला हलवणं आम्हाला कसं शोभेल?"

माझ्या घराचा विचार माझ्या साहेबानं केला होता. माझ्याकडून तो करायचा राहून गेला.

शुक्रवार, ७ मार्च

एजंटला फोन केला. नोटीस मागे घेता येईल का? त्यानं चार वेळा माफी मागितली. फ्लॅट सोमवारीच गेला, दोन एप्रिलला नवं कुटुंब येतंय. दुसरं काही? मार्चमध्ये? तो नुसता हसला, तेही अगदी अदबीनं.

घरी सांगितलेलं नाही. चैत्राली खोक्यांना टेप लावत होती, मी टेप धरली. तोंडावर आपटलोय, साफ.

रविवार, ९ मार्च

आज सांगितलं. सकाळी ती कचऱ्यासाठी प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढून वेगळी करत होती. मी समोर बसून झाकणं काढू लागलो आणि म्हणालो, "मला पाठवत नाहीयेत. तनाबेला पाठवताहेत. फ्लॅटही गेला."

मला वाटलं, आता होईल सुरू. ती खाली बसली. मग उठून एक फाईल आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. वर ते सरकारी पाकीट. पाळणाघरातल्या शिक्षकाची राष्ट्रीय परीक्षा. नऊ विषय, प्रात्यक्षिक, कीबोर्डवर गाणी. पास. खाली नेमणूक: एक एप्रिलपासून नोबोरितोचं तेच पाळणाघर, बाइतो नव्हे, कायम शिक्षिका. त्याखाली एका दोन खोल्यांच्या घराचा करार, पाळणाघरापासून चालत सात मिनिटं. भाडेकरू: चैत्राली. राहणारी माणसं: दोन. तिचं नाव, सईचं नाव.

माझं नाव मी दोनदा शोधलं.

"तू मला सोडून चालली होतीस?"

"तू चालला होतास," ती म्हणाली. "मी राहत होते."

"अगं पण एवढी परीक्षा, मला एका शब्दानं…"

"पाकीट आलं त्या दिवशी सांगणार होते. तू वायोमिंग घेऊन आलास." तिचा आवाज आता चढला. "तीन वर्षं अभ्यास केला मी. आधी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, कर की, छंद बरा आहे. मला ते ऐकायचं नव्हतं! पास होऊन सांगायचं होतं. आणि तू काय केलंस? घर सोडलंस आणि मला फोन केलास. मी एका हातानं पोरगं थोपटत होते, दुसऱ्या हातात फोन. पुण्याहून आणलंस तेव्हाही असंच. तिकीट काढून मग सांगितलंस. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आले."

"मग आता?"

"आता माझं वय काढ बघू."

मी रडलो. हे लिहायचं नव्हतं, पण रडलो. झाकणं हातात घेऊन. "मला राहू दे," असं म्हणालो. एकतीसनंतर जागा नाही म्हणून नव्हे. म्हणजे तेही होतंच. पण त्या कागदावर दोनच नावं बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

तिनं सईला हाक मारली. "घर दोघींचं धरून घेतलंय. बाबा यायचं म्हणतोय. खोल्या दोनच आहेत, तुझी वेगळी खोली जाईल, तुझं परीक्षेचं वर्ष आहे. तू नाही म्हणालीस तर मी त्याला काही महिने दुसरी जागा बघायला सांगेन. विचार करून सांग."

माझी मुलगी माझ्याबद्दल विचार करायला आत गेली. वीस मिनिटं. या वीस मिनिटांत मला कळलं की हिच्याशी मी जानेवारीपासून घोड्यांखेरीज काही बोललेलोच नाही. बाहेर येऊन ती आईला जपानीत म्हणाली, "ई न् जा नाइ?" म्हणजे, येईना का, काय हरकत आहे. मग माझ्याकडे वळून, मराठीत: "पण बाबा, तू घोरतोस. तू स्वयंपाकघरात झोपायचं."

दोन विरुद्ध शून्य. माझं मत कुणी धरलं नव्हतं.

शनिवार, २९ मार्च

घरमालकिणीची परवानगी आठ दिवसांपूर्वी आली. म्हाताऱ्या बाई आहेत. चैत्राली माझा फोटो आणि कंपनीचं पत्र घेऊन गेली होती. त्यांनी विचारलं म्हणे, "माणूस शांत आहे का?" चैत्राली म्हणाली, "अलीकडे आहे."

आज सामान हललं. 'स'ची खोकी स्वयंपाकघरात. तनाबे-सान मदतीला आला होता. त्याला मी माझा जाड कोट दिला, शायॅनला थंडी फार. त्यानं तो घेताना नव्वद अंशात कंबर वाकवली. वाईट पोरगा नाही. मी त्याच्यावर रागावायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

अर्धी रजा टाकून तामा वॉर्ड ऑफिसात गेलो, तिघेही. नव्या पत्त्याची नोंद. सईला शाळेची सुट्टी आहे, तरी ती आली. म्हणाली, कागद वाचायला बाबाला मदत लागते.

फॉर्मवर पहिलाच रकाना सेताईनुशीचा, म्हणजे कुटुंबप्रमुखाचा. तेरा वर्षं तिथं माझं नाव आहे. हात सवयीनं 'स' काढायला गेला. मग करार आठवला. घर तिचं, भाडं तिच्या नावावर. मी चैत्रालीचं नाव लिहिलं. खाली सई: मुलगी. त्याखाली मी. 'नातं' या रकान्यात 'पती' लिहिलं. 'पती'चं ते एकच जपानी अक्षर त्या जागी मी कधी काढलं नव्हतं, जरा वाकडं आलं.

काउंटरवरच्या मुलानं फॉर्म बघितला आणि माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, "या रकान्यात चूक झाली असेल तर नवा फॉर्म देऊ का?"

मी 'नाही, बरोबर आहे' म्हणणारच होतो. पण चैत्रालीनं फॉर्मवर हात ठेवला आणि मराठीत, माझ्याकडे वळून विचारलं, "तुला चालेल ना?"

लग्नाला पंधरा वर्षं झाली. हे मी तिला कधीच विचारलेलं नाही. तो मुलगा पेन धरून थांबला, सई थांबली, मागची रांग थांबली, आणि चैत्राली, जिच्याकडे करारही होता, नोकरीही होती, माझ्या 'हो'ची जिला काही गरज नव्हती, तीही थांबली.